इस्तंबूलचा मसाला बाजार: केशर, करडई आणि वजनाचा काटा

सुट्ट्या जवळ आल्या की तुर्कस्तानला निघालेल्या वाचकांची पत्रं वाढतात, आणि त्यांतली बरीचशी इस्तंबूलच्या मसाला बाजाराबद्दल असतात. निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. भाव मुद्दामच दिलेले नाहीत. लिरा इतक्या वेगाने घसरतो की अंक हातात पडेपर्यंत आकडा शिळा झालेला असतो. भाव पडताळायचा कसा, ते मात्र सांगितलं आहे.

ग्रँड बाजार आणि मसाला बाजार एकच का? आमच्या टूरच्या कार्यक्रमात नुसतं ‘बाजारभेट, 45 मिनिटं’ असं लिहिलंय. (वाचक, पुणे)

एकच नाहीत, आणि टूरवाल्यांना हे आधीच विचारून घ्या. ग्रँड बाजार म्हणजे कापाली चार्शी. तिथे गालिचे, दागिने, चामड्याच्या वस्तू, काचेचे दिवे मिळतात. मसाला बाजार, म्हणजे खाण्यापिण्याचा जुना बाजार, तो मिसिर चार्शिसी. तो गलाता पुलाच्या दक्षिण टोकाशी, एमिनोन्यू भागात, येनी जामी मशिदीला लागून आहे. सुलतानअहमेतहून टी-1 ट्राम घेतली तर गुल्हाने, सिर्केजी आणि तिसरा थांबा एमिनोन्यू. चालत निघालात तर उताराची वाट आहे, पंधरा-वीस मिनिटं लागतात.

‘मिसिर’ म्हणजे इजिप्त. तो तेव्हा उस्मानी साम्राज्याचा प्रांत होता, तिथल्या महसुलाचा या बांधकामाशी संबंध जोडला जातो, आणि पूर्वेकडचा मसालाही कैरोमार्गेच इथे उतरायचा. तुर्कीत मक्यालाही मिसिरच म्हणतात. तेव्हा भाषांतराच्या ॲपने ‘मका बाजार’ असं दाखवलं तर पत्ता चुकलेला नाही. मशिदीचं काम 1597 मध्ये राजमाता साफिये सुलतानने सुरू केलं, ते रखडलं, आणि 1660 च्या दशकात राजमाता तुर्हान हातिजे सुलतानने पुरं केलं. बाजार त्याच संकुलाचा भाग. दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च भागावा, असा हिशोब होता. 1691 आणि 1940 मध्ये आगी लागल्या, तरी मूळ आकार टिकला आहे: इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन लांब छताखालच्या गल्ल्या आणि सहा दरवाजे.

45 मिनिटांत एक गल्ली पाहून होते, खरेदी होत नाही. दोन तास हवेत, आणि त्यातला निम्मा वेळ बाजाराच्या भिंतीबाहेर घालवायचा. हासिर्जिलार आणि ताहमिस या रस्त्यांवर इस्तंबूलकर स्वतः खरेदी करतात. आतल्या दुकानांचं भाडं आणि त्यांच्यासमोरची गर्दी या दोन्ही गोष्टी भावात उतरलेल्या असतात. चीज, ऑलिव्ह, सुका मेवा, कॉफी हे बाहेरूनच घ्यावं. आत फिरावं, वास घ्यावा, चव घ्यावी, भाव लिहून घ्यावेत.

सकाळी साडेनऊ ते अकरा ही वेळ उत्तम. शनिवारी दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. ग्रँड बाजार रविवारी बंद असतो, मसाला बाजार उघडा असतो, त्यामुळे रविवार इकडे लावणं सोयीचं. रमजान ईद किंवा बकरी ईदचा पहिला दिवस तुमच्या सहलीत येत असेल तर त्या दिवशी जाऊ नका, बंद असतो.

तिथे केशर फार स्वस्त मिळतं असं ऐकलं. चांगलं कसं ओळखायचं? (वाचक, नागपूर)

जे फार स्वस्त मिळतं ते केशर नसतंच. उघड्या ढिगात ‘टर्किश सॅफ्रन’ अशी पाटी लावून जे विकतात ते बहुधा आस्पिर, म्हणजे आपली करडई. करडईच्या वाळवलेल्या पाकळ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने ही फुलं बांधावर पाहिलेली असतात, आणि तोच माणूस तिथे ती पारदर्शक डबीतून विकत घेऊन येतो. विकणारा नेहमी खोटंच बोलतो असंही नाही. पाटीवर ‘टर्किश’ हा शब्द असतो, तो वाचायचं काम आपलं.

चार-पाच काड्या तळहातावर घ्या. खऱ्या केशराची काडी गडद लाल, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला तुतारीसारखी किंचित पसरलेली असते. त्या टोकाची कड दातेरी दिसते. करडईची पाकळी पिवळी-नारिंगी, चुरचुरीत, नळीसारखी, आणि वरच्या टोकाला पाच चिरा गेलेली. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

रंगवलेल्या धाग्यांसाठी पाण्याची परीक्षा आहे. कपभर कोमट पाण्यात तीन काड्या टाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. केशर सावकाश रंग सोडतं, पाणी सोनेरी पिवळं होतं आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लाल झालं आणि काडी पांढुरकी पडली, तर तो रंग लावलेला माल. जिभेवर केशर कडवट लागतं. गोड लागलं तर साखरेच्या किंवा मधाच्या पाण्याने वजन वाढवलेलं असण्याची शक्यता आहे.

एक ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, त्यामुळे ते कुठल्याच देशात मूठभराच्या भावात मिळणार नाही. तुर्कस्तानात साफ्रानबोलू गावाजवळ केशर होतं, पण अगदी थोडं. बाजारात दिसणारं बरंचसं इराणी असतं. केशरच हवं असेल तर काश्मीरचं घरबसल्या मिळतं. त्यासाठी इस्तंबूलला पैसे घालवू नयेत, असं आमचं मत.

मग घ्यायचं तरी काय? आपल्याकडे मसाल्यांना काय तोटा? (वाचक, कोल्हापूर)

हळद, मिरी, वेलदोडा, दालचिनी यांच्या ढिगांकडे सरळ पाठ फिरवा. हा माल आपल्याच बाजूने तिकडे जातो. ‘उस्मानी मसाला’ असली मिश्रणंही वगळा, त्यात काय किती आहे ते कळत नाही. तिथल्या मातीतलं किंवा तिथल्या हाताचं जे आहे तेवढं घ्या.

पहिलं सुमाक. आंबट फळांची जाडसर, गडद लाल भरड. आपण आमसूल-आमचूर जिथे वापरू तिथे चालते. चिरलेल्या कांद्याला चोळली तर कांद्याचा उग्रपणा जातो. विकत घेताना चिमूटभर जिभेवर ठेवा. आधी आंबट लागलं पाहिजे. आधी खारट लागत असेल तर मीठ जास्त आहे. भरड बोटांना थोडी ओलसर लागावी. अगदी कोरडी, फिकट, विटेच्या रंगाची असेल तर जुनी.

दुसरं पुल बिबेर, म्हणजे मिरचीचे तुकडे. माराशची मिरची लालभडक आणि फळाच्या वासाची. उर्फाची इसोत जवळजवळ काळी, कारण ती दिवसा उन्हात वाळवतात आणि रात्री झाकून घाम काढतात. त्यामुळे तिला मनुका आणि धुराच्या मधला एक वास येतो. लवंगी मिरची खाणाऱ्याला दोन्ही सौम्य वाटतील, तिखटासाठी त्या घ्यायच्याच नसतात. यात तेल आणि मीठ घातलेलं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर घरी भाजी खारट होते. बिनमिठाची हवी असेल तर ‘तुझसुझ’ म्हणा. तुझ म्हणजे मीठ. मराठी कानाला गमतीशीर वाटतं, पण दुकानदाराला बरोबर कळतं.

तिसरा सुका मेवा. मालात्याचे जर्दाळू दोन रंगांत दिसतात. चमकदार नारिंगी ते गंधकाची धुरी दिलेले, काळपट तपकिरी ते नुसते उन्हात वाळवलेले. दुसरे दिसायला कुरूप, चवीला कॅरॅमलसारखे, आणि घरात कोणाला दमा असेल तर तेच घ्यावेत, कारण गंधकाच्या संयुगांनी काहींना त्रास होतो. अंजिराला तुर्कीतही इंजिरच म्हणतात. एक फोडून पाहिल्याशिवाय किलोभर घेऊ नका. सालीवरचा पांढरा थर साखरेचा असतो, तो चालतो. आत काळी पूड दिसली तर बुरशी आहे, तो ढीग सोडा. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे हेझलनट आणि आंतेपचे पिस्ते जिथे तुमच्यासमोर भाजतात तिथून घ्या.

चौथं डाळिंबाचा आटवलेला आंबट रस. इथे बाटलीवरचं एक अक्षर महत्त्वाचं. ‘नार एक्शिसी’ म्हणजे डाळिंबाचा आटवलेला रस. ‘नार एक्शिली सोस’ म्हणजे ग्लुकोज, सायट्रिक आम्ल आणि रंगाचं सॉस, त्यात डाळिंब नावापुरतं. बाटल्या सारख्याच दिसतात आणि शेजारी शेजारीच ठेवतात. घटकांच्या यादीत डाळिंबाशिवाय काही असेल तर परत ठेवा.

कॉफीसाठी ताहमिस रस्त्याच्या कोपऱ्यावर कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदीचं दुकान आहे, 1871 पासूनचं. रांग लांब दिसते पण भराभर सरकते. दळलेली कॉफी पिठासारखी बारीक असते आणि तिचा वास लवकर उडतो, म्हणून थोडीच घ्या. सफरचंदाचा चहा म्हणून जी पूड देतात ती बहुतांशी साखर आहे. तुर्की माणूस स्वतः काळा चहा पितो.

सालेप ही ऑर्किडच्या कंदांची पूड. खऱ्या सालेपच्या निर्यातीला तुर्कस्तानात बंदी आहे, पाकिटात मिळतो तो बहुधा स्टार्च आणि सुगंध. थंडीत गेलात तर गरम सालेप दालचिनी भुरभुरून तिथेच प्या आणि विषय संपवा.

घासाघीस करावी का? फसगत कुठे होते? (वाचक, नाशिक)

आत बऱ्याच ठिकाणी किलोचा भाव लिहिलेला असतो. शंभर ग्रॅमवर घासाघीस करू नये, शोभत नाही आणि उपयोगही होत नाही. चार-पाच वस्तू एकाच दुकानातून घेतल्या तर शेवटी एकूण रकमेवर बोला. चहा पुढे केला तर प्या. तो पाहुणचार आहे, खरेदीचं बंधन नाही.

फसगत भावात कमी आणि वजनात जास्त होते. तुम्ही शंभर ग्रॅम सांगता, तो मोठा डाव बुडवून तीनशे ग्रॅम काढतो, पिशवी काट्यावर ठेवतो आणि ‘ओके?’ म्हणतो. बहुतेक लोक लाजेने हो म्हणतात. ‘दाहा आझ’ म्हणा, म्हणजे ‘आणखी कमी’, आणि तो कमी करेपर्यंत पाकीट काढू नका. दुसरं म्हणजे डबा. सजावटीचा पत्र्याचा किंवा लाकडी डबा मालासकट काट्यावर गेला तर डब्यालाही पिस्त्याचा भाव लागतो. आपण वाण्याकडे धडा करायला सांगतो तसंच तिथे ‘दारा’ म्हणायचं. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणला की मगच भरायला सांगा. तिसरं, भाव किलोचा की शंभर ग्रॅमचा? ‘किलोसु काच लिरा?’ असं विचारलं की उत्तर किलोचंच येतं. आकडा कॅल्क्युलेटरवर टाइप करून घ्या.

मिश्र मिठाईच्या खोक्यात आणखी एक गोष्ट घडते. पिस्ता घोळवलेली मिठाई आणि साधी गुलाबाची मिठाई यांच्या भावात मोठा फरक असतो. सगळी एकत्र भरून महागड्याच्या भावाने वजन केलं जातं. भरण्याआधी प्रत्येकाचा भाव विचारा, नाहीतर एकाच प्रकाराचं खोकं घ्या.

कार्डाच्या यंत्राने ‘लिरा की रुपये’ असं विचारलं तर लिरा निवडा. रुपये निवडलेत तर विनिमयाचा दर यंत्रवाला ठरवतो आणि तो क्वचितच तुमच्या फायद्याचा असतो. बिल देण्याआधी यंत्रावरची शून्यं मोजा. आदल्या संध्याकाळी हॉटेलजवळच्या साध्या सुपरमार्केटमध्ये जर्दाळू, हेझलनट आणि पुल बिबेरचे भाव पाहून ठेवले असतील, तर बाजारात कोण किती चढवतोय ते लगेच कळतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. लोकुममध्ये (टर्किश डिलाइट मिठाईत) जिलेटिन असतं का? बाजारात खायला काय मिळेल? (वाचक, सांगली)

पारंपरिक लोकुम साखर, पाणी आणि स्टार्च तासन्‌तास आटवून करतात. जिलेटिन लागत नाही. पाकीटबंद, स्वस्त मालात मात्र लेबल वाचा, ‘जेलातिन’ हा शब्द शोधा. आत मार्शमॅलोसारखा पांढरा थर असेल तर नक्की विचारा. ‘चिफ्ते कावरुलमुश’ लिहिलेलं लोकुम जास्त आटवलेलं, चिवट असतं आणि प्रवासात टिकतं. जुनं घराणं हवं असेल तर हाजी बेकिर, 1777 चं. त्यांचं दुकान बाजारापासून पाचेक मिनिटांवर, सिर्केजीच्या बाजूला आहे.

बक्लाव्यात वापरतात ते साजूक तुपासारखंच कढवलेलं लोणी. सिमित, म्हणजे तिळाचं कडं, हातगाडीवर मिळतं. रस्त्यावरच्या दुकानांतलं चि कोफ्ते नावाने मांसाचं असलं तरी आता बल्गुर गव्हाचं असतं, तरी ‘एतसिझ’ (मांसाशिवाय) असं विचारून घ्या. मसूराच्या सुपाबद्दल सावध राहा. डाळ शाकाहारी असली तरी पाणी मांसाचं असू शकतं. ‘एत सुयु वार म?’ म्हणजे ‘मांसाचं पाणी आहे का?’ चीजमध्ये प्राणिज विरजण असू शकतं, छोट्या उत्पादकांच्या चीजमध्ये जास्त. पास्तिर्मा, म्हणजे मसाला लावून वाळवलेलं मांस, दुकानांच्या दारातच टांगलेलं असतं. मेथी-लसणाचा उग्र वास आला की त्याच्याजवळ आहात असं समजा. मेथीच्या वासाने मराठी नाक फसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. काही दुकानांत ते कापण्याची सुरी आणि चीजची सुरी एकच असते.

परतीचा प्रवास दुबईमार्गे आहे. काही आणायला बंदी आहे का? (वाचक, ठाणे)

खसखस. तुर्कस्तानात ती पोत्यांनी विकतात, ब्रेडवर लावतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते, प्रमाण किती ते तिथे पाहत नाहीत. नुसती खसखसच नव्हे, तिची पेस्ट आणि ती लावलेला ब्रेडही नको. सामान थेट मुंबईपर्यंत लावलं आहे, हा भरवसा पुरेसा नाही. अनारशांसाठीची खसखस इथेच घ्या.

बाजाराच्या दोन गल्ल्यांच्या कोनात, बाहेरच्या चौकाशी रोपं, बिया आणि ट्युलिपचे कांदे विकतात. मोह आवरा. पेरायच्या बिया आणि कंद परवाना व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय भारतात आणता येत नाहीत. (तिथेच बरण्यांत वळवळणाऱ्या जळवा दिसतील. त्या औषधोपचारासाठी विकतात, खाण्यासाठी नाहीत. हा प्रश्नही दोन वाचकांनी विचारला होता.) मांसाचे पदार्थही आणू नका.

मध, ताहिनी (तिळाची पेस्ट), मिरचीची पेस्ट आणि डाळिंबाचा रस हे सगळं विमानतळावर द्रवात मोजतात. 100 मिलीपेक्षा मोठी बाटली केबिन बॅगेत नको. चेक-इन बॅगेतही झाकणावर टेप, मग पिशवी, मग कपड्यांत गुंडाळणं, या क्रमाने बांधा. मसाले आणि मेवा दुकानातच ‘वाकुम’ म्हणून सांगून हवाबंद करून घ्या. बहुतेक दुकानांत यंत्र असतं. पण चव घेतल्यावर, वजन झाल्यावर आणि तुमच्या डोळ्यांसमोर. आधीच बांधून ठेवलेल्या पाकिटात वर एक आणि खाली दुसरं असू शकतं.

आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का? (वाचक, रत्नागिरी)

आतली फरशी सपाट आहे, तिथे त्रास नाही. बसायला मात्र जागा नाही. बाहेर हासिर्जिलार रस्त्यावर गर्दी, हातगाड्या आणि पाठीवर खोकी घेतलेले हमाल. त्यांनाही तुर्कीत हमालच म्हणतात. मागून आरोळी आली की बाजूला व्हायचं. आई-वडिलांना येनी जामीसमोरच्या मोकळ्या चौकात बसवून बाहेरची खरेदी तुम्ही उरका. स्वच्छतागृह पैसे देऊन वापरावं लागतं, सुटी नाणी ठेवा. हासिर्जिलारवरून तीनेक मिनिटं चाललं की रुस्तेम पाशा मशीद लागते. सोळाव्या शतकातली, सिनान या वास्तुकाराची, आतून इझनिकच्या निळ्या-लाल फरश्यांनी मढलेली. पण ती दुकानांच्या वर बांधलेली आहे, रस्त्यावरून अरुंद दगडी जिना चढावा लागतो. गुडघे दुखत असतील तर तो जिना आधी पाहून या.

आणलेलं सामान किती टिकतं? मागच्या वेळी सुमाकचा दगड झाला. (वाचक, अलिबाग)

सुमाकमधल्या मिठाने कोकणातली हवा ओढली. पावसाळ्यात काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि कोरडा चमचा वापरा. गोळा झालाच असेल तर मोडून पंख्याखाली वाळवा. चव गेलेली नसते. पुल बिबेरमध्ये तेल असतं, ते बाहेर ठेवलं तर खवट होतं, म्हणून तेही फ्रिजमध्येच. हेझलनट आणि पिस्ते फ्रीझरमध्ये सहा महिने सहज राहतात. लोकुम मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, पाणी सुटून चिकट होतं. साखर भुरभुरलेल्या डब्यात बाहेरच ठेवा आणि महिन्याभरात संपवा.